मोकळीक

यंत्र खोटं बोलत नाही, बोलतात ती माणसं.
"एकदाही पाडलं नाही," म्हणतात,
आणि कोपऱ्यात अजून धक्क्यावरचं सिमेंट चिकटलेलं असतं.

केयोनमध्ये, जिथे चिलीचा महामार्ग संपतो
आणि पुढे कुणी फलकही लावलेला नाही, नुसतं पाणी,
जाळी विकणाऱ्याच्या डोक्यावर माझी एक खोली.
टेबल, भिंग, बशीत सांडलेले स्क्रू,
आणि लाकडाची चूल, जी ऐन उन्हाळ्यात,
जानेवारीतही, विझवायची हिंमत होत नाही.

सामनच्या पिंजऱ्यांवरची पोरं
चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी.
पाळी संपली की तराफ्यावरच्या खोपीत
पालथी पडून खेळतात,
तार भिंतीला, गेम हातात, झोप दोघांनाही नाही.
मग ते माझ्याकडे येतं.
चार्जिंगच्या भोकात मीठ,
बटणांखाली माशांच्या खाद्याची भुकटी.
उघडलं की मांजर जिना चढून येतं.

मी सांगते: पार संपेपर्यंत खेळू नका,
रात्रभर तारेला टांगू नका,
भिजलं तर चुलीवरच्या दांडीवर
मोज्यांशेजारी वाळत घालू नका.
डॉक्टरपुढे डोलवावी तशी मान डोलावतात.
रोसामेलने तरी मोज्यांशेजारीच घातलं.
पडदा पापडासारखा वर आला,
आणि वर मलाच विचारतो, चव घेऊन बघू का?

उबेर्लिंदाबाईंचं वेगळं.
भाच्यासाठी घेतलेलं, तो पुंता आरेनासहून आलाच नाही.
लोकरीत गुंडाळून तीन वर्षं कपाटात ठेवलं,
एक ओरखडा नाही, बोटाचा एक ठसा नाही.
आत बॅटरी फुगली होती
रात्रभर झाकून ठेवलेल्या कणकेसारखी.
"मी तर हातही लावला नव्हता," म्हणाल्या.
तेच तर, असं ओठांवर आलं होतं.
मी त्यांना नवी बॅटरी कितीला पडेल तेवढं सांगितलं.

आणि मग मार्चमध्ये एर्मिन्यो चिग्वाय.
वीस वर्षं पिंजऱ्यांच्या तळाशी बुडी मारून
मेलेले मासे पिशवीत भरून वर आणणारा.
एकदा स्वतः घाईने वर आला,
तेव्हापासून किनाऱ्यावरच असतो.
दारातच उभा राहिला, टोपी न काढता.
"यातला माणूस आपोआप डावीकडे चालतो.
मी काही करत नाही. तो चालतो."

असं होतं. काडी झिजते, पट्टी झिजते,
ज्याचा अंगठा ज्या बाजूला रेलतो त्या बाजूची.
मी उघडलं.
पट्टी कोरी, काडी स्वच्छ,
इतकं नीट राखलेलं गेल्या वर्षात एक आलं नव्हतं.
चाचणीच्या पडद्यावर ठिपका
बंद खोलीतल्या ज्योतीसारखा मधोमध उभा.

"अंगठा ठेवा," म्हटलं.
ठेवला.
ठिपका हलायला लागला,
भरतीत बांधलेल्या तरंड्यासारखा,
सुटत नाही, थांबतही नाही.
आम्ही दोघं बघत राहिलो.
त्याने अंगठा उचलला. ठिपका थांबला.
परत ठेवला.
चुलीत एक ढलपी तडकली.

"धूळ होती," मी म्हणाले, "काढली."

मग त्याच्या नकळत सेटिंगमध्ये गेले,
मधलं वर्तुळ थोडं मोठं केलं.
या एवढ्या जागेत काय होईल ते
ऐकलं नाहीस असं समज,
यंत्राला इतकंच सांगायचं असतं.
त्या मापात दहा खुणा आहेत.
मी तिसरीवर ठेवलंय.

"आता किती वर्षं टिकेल?" त्याने विचारलं.
"हे? खूप," म्हटलं.

दोन दिवसांनी दारात पोतंभर लाकूड.
ओलं, सालीसकट,
दोन हातांनी तोडलेलं नाही हे कळत होतं,
घाव एकाच्या जागी चार-चार.
अजून जाळलेलं नाही.
वाळतंय.